बीएलएस-एसीएलएस कार्ड रिन्यू करताना: स्क्रीनवर अर्धं, मॅनिकिनवर अर्धं

कोल्हापुरात 'सीपीआरला जायचंय' म्हटलं की समोरचा आधी विचारतो, 'कोण ॲडमिट आहे?' छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाचं हे लघुरूप इथे इतकं रुळलंय, की छाती दाबायच्या सीपीआरला आपल्याकडे दुसरा नंबर लागतो. म्हणून कोर्स शोधताना 'सीपीआर' टाकू नका, 'बीएलएस प्रोव्हायडर' किंवा 'एसीएलएस प्रोव्हायडर' असं टाका. बीएलएस म्हणजे जीव वाचवण्याचं प्राथमिक प्रशिक्षण, एसीएलएस म्हणजे त्यापुढचं, औषधं आणि ईसीजीसकट.

शोधलंत की पहिली जाहिरात हमखास अशी असते: 'घरबसल्या एका तासात सर्टिफिकेट, प्रॅक्टिकल नाही.' ती तिथेच सोडून द्या. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं बीएलएस, एसीएलएस किंवा पीएएलएस (लहान मुलांसाठीचं) कार्ड नुसत्या ऑनलाइन कोर्सवर मिळत नाही. ऑनलाइन होतो तो अभ्यासाचा भाग, त्याचं नाव हार्टकोड. उरलेला भाग मॅनिकिनवर (सरावाच्या पुतळ्यावर), इन्स्ट्रक्टरसमोर, स्वतःच्या हातांनी करावा लागतो. दोन्ही झालं तरच कार्ड. एचआरच्या टेबलावरून परत येणाऱ्या कार्डांत 'फक्त ऑनलाइन' वाली कायम असतात, आणि तोवर पैसे गेलेले असतात.

कोणतं कार्ड, हे आधी लेखी विचारा

वॉर्ड, ओपीडी, डायलिसिस, एक्स-रे, दातांचा दवाखाना इथे बहुधा बीएलएस पुरतं. आयसीयू, कॅज्युअल्टी, कॅथलॅब आणि भूल देणाऱ्यांना बीएलएससोबत एसीएलएस लागतं. लहान मुलांच्या आयसीयूत पीएएलएस. नवजात बाळांसाठीचा एनआरपी हा वेगळा कोर्स आहे, भारतात तो इंडियन ॲकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्समार्फत चालतो. एसीएलएसच्या दिवशी बीएलएसची कौशल्यं तपासतात खरी, पण म्हणून बीएलएसचं कार्ड आपोआप हातात पडत नाही. दोन्ही हवी असतील तर नोंदणीच्या वेळीच सांगा.

आपल्याकडे आणखी एक रस्ता आहे. भूलतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेतून उभ्या राहिलेल्या इंडियन रिससिटेशन कौन्सिल फेडरेशनचे कोर्स: सामान्य लोकांसाठी सीओएलएस, वैद्यकीय क्षेत्रातल्यांसाठी बीसीएलएस आणि सीसीएलएस. भारतातल्या परिस्थितीला धरून बेतलेले आहेत आणि शिकायला चांगले आहेत. पण आखातात नोकरीला निघालेल्या सिस्टरनी आधी तिकडच्या मालकाला विचारावं, कारण तिकडे बहुतेक ठिकाणी अमेरिकन हार्टचंच कार्ड मागतात. एनएबीएच मानांकन असलेल्या हॉस्पिटलात रुग्णाशी थेट संबंध येणाऱ्यांना सीपीआरचं प्रशिक्षण आणि ठरावीक काळाने उजळणी द्यावी लागते. कार्ड कुणाचं चालेल, हे मात्र हॉस्पिटलचं धोरण. तेव्हा 'चालतंय की' या तोंडी उत्तरावर पैसे भरू नका, एचआरचा दोन ओळींचा मेल घ्या.

डॉक्टरांचा आणखी एक घोळ: महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलची नोंदणी ५ वर्षांनी रिन्यू होते आणि त्यासाठी ३० क्रेडिट पॉइंट लागतात. बीएलएस कार्ड २ वर्षांचं. या दोन गाड्या वेगवेगळ्या रुळांवर धावतात. कोर्सचे क्रेडिट पॉइंट हवे असतील तर त्या बॅचला कौन्सिलची मान्यता घेतली आहे का, हे कोर्सच्या आधीच विचारावं लागतं. नंतर विचारून काही होत नाही.

तारीख मागून मोजा

कार्ड २ वर्षं चालतं, आणि ज्या महिन्यात मिळालं त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत. १२ मार्च २०२६ ला पास झालात तर ३१ मार्च २०२८. पुढे 'ग्रेस'चे दिवस नाहीत. १ एप्रिलला तुमच्याकडे कार्ड नाही, एवढंच. मुदत संपली की रिन्यूअलच्या छोट्या बॅचला बसू देतीलच असं नाही, पूर्ण कोर्स पुन्हा करावा लागू शकतो. एसीएलएसला हा फरक साधारण दोन दिवस की एक दिवस असा असतो. ड्यूटी बदलून मागणाऱ्याला तो चांगलाच जाणवतो.

मुदत संपायच्या ९० दिवस आधी चौकशी, ६० दिवस आधी प्रॅक्टिकलची तारीख पक्की, त्या तारखेच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत ऑनलाइन भाग. ऑनलाइन महिनाभर आधी उरकून ठेवणारे प्रॅक्टिकलला येईपर्यंत निम्मं विसरलेले असतात. कोर्सनंतर ई-कार्ड द्यायला ट्रेनिंग सेंटरला २० कामकाजाच्या दिवसांपर्यंत मुभा असते, म्हणजे जवळजवळ एक महिना. शेवटच्या आठवड्यात पास झालात तरी हातात कार्ड नसण्याची शक्यता इथेच असते.

कोल्हापूरकरांनी यात पंचगंगाही धरायची. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट धोक्याची. पाणी तिकडे सरकायला लागलं की बाहेरगावचे इन्स्ट्रक्टर आणि मॅनिकिनच्या पेट्या वाटेतच अडकतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेच बंद होता. त्यात हॉस्पिटलातल्या सुट्ट्याही रद्द होतात. जुलै-ऑगस्टमध्ये संपणारं कार्ड मे अखेरपर्यंत रिन्यू करून टाका. नवी मुदत नव्या तारखेपासून धरतात, त्यामुळे दोन-तीन महिने बुडतात, बुडू देत.

पैसे भरण्याआधी

फोनवर एवढं विचारा आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी मागा. कार्ड कोणत्या इंटरनॅशनल ट्रेनिंग सेंटरच्या नावाने निघणार? प्रॅक्टिकल कोणत्या तारखेला, कोणत्या जागी? एका मॅनिकिनवर किती जण? तिघांपेक्षा जास्त असता कामा नयेत. मॅनिकिनला फीडबॅक यंत्रणा आहे का? दाब किती खोल आणि किती वेगाने पडतोय हे लगेच दाखवणारी ही यंत्रणा प्रौढांच्या सीपीआर प्रशिक्षणात २०१९ पासून सक्तीची आहे. नापास झालो तर फेरचाचणीचे वेगळे पैसे का? बिल कुणाच्या नावाने?

'प्रॅक्टिकलचा व्हिडिओ काढून पाठवा, आम्ही बघून घेतो' असं कुणी म्हणालं तर फोन ठेवा. ट्रेनिंग सेंटरचं नाव सांगायला टाळाटाळ करणाऱ्याचंही तेच.

ऑनलाइन भाग

खातं उघडताना हॉस्पिटलचा नाही, स्वतःचा ई-मेल द्या. नोकरी बदलली की हॉस्पिटलचा मेल बंद होतो आणि कार्ड त्यातच राहतं. कोर्स उघडायचा कोड ('की') लॅपटॉपवर वापरा. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर ईसीजीच्या पट्ट्या आणि ओढून जोडायचे प्रश्न फार छळतात. पॉपअप ब्लॉकर बंद करा, हेडफोन घ्या. लाइट गेली तर झालेला भाग सेव्ह असतो, पण चालू प्रसंग पुन्हा पहिल्यापासून करावा लागू शकतो. त्यामुळे महावितरणचा भरवसा न धरता चार्जिंग पूर्ण आणि हॉटस्पॉट तयार ठेवा.

बीएलएसला दीड-दोन तास धरा. एसीएलएसला त्याच्या तिप्पट-चौपट, तेही दोन-तीन बैठकांत. नाइट करून आल्यावर बसू नका. हा कोर्स तुमच्या चुका पाहून तोच मुद्दा वेगळ्या रूपात पुन्हा समोर आणतो, झोपेत क्लिक करत गेलात की वेळ उलट वाढतो.

शेवटी एक पूर्णत्वाचं प्रमाणपत्र मिळतं. हे कार्ड नव्हे. ते डाउनलोड करून प्रिंट काढा, प्रॅक्टिकलच्या दिवशी ते दाखवल्याशिवाय चाचणीला बसवत नाहीत. हेच प्रमाणपत्र एचआरला पाठवून निश्चिंत होणारे दर बॅचला दोघे-तिघे निघतात.

हार्टकोड न घेता पूर्ण वर्गात बसून कोर्स केलात तर लेखी परीक्षा तिथेच. बीएलएसला २५ प्रश्न, पास व्हायला ८४ टक्के, म्हणजे २१ बरोबर. एसीएलएसला ५० पैकी ४२.

मॅनिकिनवर काय चुकतं

सलवार-कमीज, ट्रॅकपँट किंवा स्क्रब घाला. गुडघ्यावर बसून काम आहे, साडी आणि घट्ट जीन्स दोन्ही नको. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढून ठेवा. पाठीचा किंवा गुडघ्याचा त्रास असेल, गरोदर असाल, तर नोंदणी करतानाच सांगा.

क्रम पाठ हवा: जागा सुरक्षित का बघा, खांदे हलवून हाक मारा, मदतीला ओरडा, बाहेर असाल तर १०८ आणि हॉस्पिटलात असाल तर कोड ब्लू (हृदय बंद पडल्याची आणीबाणीची हाक), आणि एईडी (शॉक देणारं यंत्र) मागवा. मग श्वास आणि गळ्यातली नाडी एकाच वेळी. किमान ५ सेकंद, १० च्या वर नाही. पहिली मोठी चूक इथेच होते. नाडी सापडेना म्हणून बोट सरकवत राहतात आणि १५ सेकंद जातात. १० सेकंदांत खात्रीने लागली नाही, तर नाही असं धरा आणि छाती दाबायला घ्या.

दाब छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्या भागावर, तळहाताच्या टाचेने. खोली किमान ५ सेंटिमीटर, ६ च्या पुढे नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०, म्हणजे ३० दाब १५ ते १८ सेकंदांत. तालमीत जोर काढलेले हातसुद्धा दुसऱ्या मिनिटाला ढिले पडतात, कारण ते कोपरात वाकून दंडाच्या ताकदीने दाबतात. कोपर ताठ, खांदे बरोबर तळहातांच्या वर, आणि कमरेतून वजन खाली. मग पन्नास किलोची मुलगीही दोन मिनिटं नीट दाबते.

दुसरी चूक खाली नसते, वर असते. दाबल्यावर छाती पूर्ण वर येऊ द्यायची असते, आणि थकलेला माणूस नकळत छातीवर रेलून राहतो. हृदयात रक्त भरायला जागाच उरत नाही. फीडबॅकचा दिवा इथे लाल होतो आणि लोक 'मशीन खराब आहे' म्हणतात.

तिसरी गोष्ट मोजण्याची. मराठीत मोठ्याने मोजताना एक ते दहा झपझप जातं, पण 'सत्तावीस, अठ्ठावीस, एकोणतीस' ही चार-पाच अक्षरांची लांबण आली की हात शब्दांची वाट बघतो आणि वेग पडतो. यावर सोपा उपाय: एक ते नऊ मोजा, दहाव्या दाबाला 'दहा' म्हणा, पुन्हा एक ते नऊ, 'वीस', पुन्हा एक ते नऊ, 'तीस'. घरी मोबाइलवर मेट्रोनोम ११० वर लावा, जमिनीवर घट्ट उशी ठेवा आणि सलग दोन मिनिटं करून बघा. उशीने खोली कळत नाही, पण ताल आणि दम दोन्ही कळतात.

३० दाबांनंतर २ श्वास, प्रत्येक एका सेकंदाचा, आणि दोन्ही मिळून दाबांतला खंड १० सेकंदांच्या आत. अंबू बॅगेचा (हाताने पिळून श्वास द्यायच्या पिशवीचा) मास्क धरताना अंगठा आणि तर्जनीचा 'सी' मास्कवर, उरलेली तीन बोटं जबड्याच्या हाडाखाली 'ई' सारखी. मास्क तोंडावर दाबायचा नसतो, जबडा उचलून मास्कमध्ये आणायचा असतो. प्रौढांची बॅग पूर्ण पिळू नका. छाती उचललेली दिसली की पुरे. जास्त हवा पोटात जाते आणि उलटी वर येते. प्रगत श्वासमार्ग (श्वासनलिकेतली नळी वगैरे) बसवल्यावर दर ६ सेकंदांना एक श्वास. घाबरलेला माणूस दर दोन सेकंदांना पिळतो, आणि खऱ्या कोड ब्लूमध्येही हेच होतं.

एईडी आली की सगळ्यात आधी चालू करा. पॅडचं पाकीट फाडत बसणारे बरेच. पुढचं मशीन बोलतं. पॅड लावेपर्यंत दुसऱ्याचे दाब चालूच राहिले पाहिजेत. छाती ओली असेल तर पुसून घ्या. शॉकआधी 'बाजूला व्हा' मोठ्याने, आणि डोळ्यांनी एकदा सगळीकडे फिरून बघा. शॉक दिल्या दिल्या लगेच दाब सुरू. नाडी बघायला थांबणं ही चौथी चूक, आणि अनुभवी लोकांकडूनच ती जास्त होते. दाबणारा दर दोन मिनिटांनी बदला.

वॉर्डातल्या पलंगावर आणखी एक पंचाईत असते: गादी खाली जाते आणि ५ सेंटिमीटर दाबल्याचा भास होतो. पाठीखाली फळी आणि पायाखाली स्टूल, दोन्ही कुठे ठेवलंय ते आपल्या वॉर्डात आजच बघून ठेवा.

बाळाची चाचणी वेगळी होते. नाडी दंडाच्या आतल्या बाजूला. ठोके ६० च्या खाली आणि रक्ताभिसरण खालावल्याची लक्षणं दिसत असतील, तर नाडी लागत असली तरी दाब सुरू करायचे. खोली साधारण ४ सेंटिमीटर. एकट्याने ३०:२, दोघे असाल तर १५:२, आणि ते १५ दाब ७ ते ९ सेकंदांत.

२०२५ मध्ये बदललं ते

अमेरिकन हार्टची नवी मार्गदर्शक तत्त्वं ऑक्टोबर २०२५ ला आली. मैत्रिणीचं २०२० चं पुस्तक घेऊन बसलात तर या तीन ठिकाणी अडकाल. बाळाची छाती दोन बोटांच्या टोकांनी दाबणं गेलं, आता दोन अंगठ्यांनी छातीला वेढा घालून किंवा एका तळहाताच्या टाचेने. घशात घास अडकलेल्या शुद्धीवरच्या मोठ्या माणसाला आणि मुलाला आधी पाठीवर ५ थापा, मग पोटावर ५ धक्के, आणि हे आळीपाळीने. बाळाला पाठीवर ५ थापा आणि छातीवर ५ धक्के, पोटावर नाही. आणि बाईला एईडीचे पॅड लावताना ब्रा काढण्याऐवजी नुसती सरकवली तरी चालते. बघ्यांच्या गर्दीत संकोचाने हात थांबतात, म्हणून हा बदल लहान नाही.

२०२० च्या नियमांनी मिळालेलं कार्ड मात्र त्याच्या मुदतीपर्यंत चालतं. त्यासाठी नव्याने कोर्स करायची गरज नाही.

एसीएलएसवाल्यांसाठी

वर्गाआधीची स्वयंचाचणी ७० टक्क्यांनी पास करून तिची प्रिंट आणावी लागते. ती विसरलात तर सकाळी आठ वाजता मोबाइलवर करत बसावं लागतं. ईसीजीच्या पट्ट्या ओळखण्यात हात कच्चा असेल तर आधी त्यावर दोन संध्याकाळी घाला. ब्लॉकचे प्रकार आणि रुंद क्यूआरएसचे वेगवान ताल, बहुतेकांचं घोडं इथे अडतं.

व्हिडिओत औषधं भरलेल्या सिरिंजमध्ये येतात, आपल्या ट्रॉलीत अँप्युल असतात. ॲड्रेनलिन १ मिलिचं अँप्युल म्हणजे १ मिलिग्रॅम. ते पूर्ण द्यायचं, मागून २० मिलि सलाइन, रुग्णाचा हात वर उचलायचा, आणि दर ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा. ताल शॉक देण्याजोगा नसेल तर पहिला डोस जमेल तितक्या लवकर, शॉक देण्याजोगा असेल तर दुसऱ्या शॉकनंतर. अमिओडारोन १५० मिलिग्रॅमच्या अँप्युलमध्ये येतं. तिसऱ्या शॉकनंतरचा पहिला डोस ३०० चा, म्हणजे दोन अँप्युल, पुढचा १५० चा एक. ॲडेनोसिन आधी ६ मिलिग्रॅम, मग १२, आणि कोपरापाशी मोठ्या शिरेतून झटक्यात. मनगटावरच्या बारीक इंट्राकॅथमधून हळू दिलं तर हृदयापर्यंत पोचायच्या आतच संपतं.

मेगाकोडला (टीमने मिळून पूर्ण प्रसंग हाताळायच्या चाचणीला) बहुतेक जण ज्ञानात नाही, बोलण्यात नापास होतात. टीम लीडरने 'ॲड्रेनलिन द्या कुणीतरी' असं हवेत म्हणायचं नाही. नाव घेऊन, 'सिस्टर, १ मिलिग्रॅम ॲड्रेनलिन द्या.' सिस्टरनी ते परत म्हणायचं, आणि दिल्यावर 'दिलं' म्हणून वेळ सांगायची. इथे सीनियर सरांची चूक दाखवायला जीभ रेटत नाही, ते साहजिकच. चाचणीत मात्र चुकीचा डोस ऐकूनही गप्प बसलं की दोघांचेही मार्क जातात. 'सर, ३०० ना?' एवढं म्हटलं तरी पुरतं.

सिंक्रोनाइज्ड (हृदयाच्या ठोक्याशी जुळवून द्यायचा) शॉक एकदा दिल्यावर बरीच मशीन सिंक आपोआप बंद करतात. दुसऱ्या शॉकआधी बटण पुन्हा दाबावं लागतं, परीक्षक तेच बघत असतो.

ई-कार्ड आणि नाव

नोंदणीच्या फॉर्ममध्ये नाव पासपोर्टप्रमाणे लिहा. आपल्याकडे पासपोर्टच्या 'गिव्हन नेम'च्या रकान्यात बहुधा स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एकत्र असतं, आडनाव वेगळ्या रकान्यात. कार्डावर नुसतं नाव-आडनाव आणि पासपोर्टवर तिन्ही, असं झालं की परदेशातली पडताळणी अडते. लग्नानंतर आडनाव बदललं पण नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीत माहेरचंच आहे, अशांनी आधी कोणतं नाव पुढे चालवायचं ते ठरवावं. कार्ड निघाल्यावर दुरुस्ती ट्रेनिंग सेंटरच करू शकतं, आणि त्याला पाठपुरावा लागतो.

कोर्सनंतर ई-मेलवर एक लिंक येते. आली नाही तर स्पॅम बघा, मग फॉर्मवर ई-मेलचं स्पेलिंग बरोबर पडलंय का ते सेंटरला विचारा. निम्म्या वेळा चूक तिथेच असते. लिंक उघडून कार्ड 'क्लेम' करा, नाव आणि तारीख तपासा, छोटा अभिप्राय भरा, पीडीएफ उतरवा. कार्डावर क्यूआर आणि एक कोड असतो. तो अमेरिकन हार्टच्या 'माय कार्ड्स' पानावर टाकून आपलं नाव येतंय का बघा, आणि मगच ती पीडीएफ एचआरला पाठवा. कोड टाकून काहीच आलं नाही, तर सेंटरला त्याच दिवशी बिलासकट लेखी विचारा.